तीन हिट आणि तिहेरी मुकुट

२०१२च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या बेसबॉलप्रेमींचे सरळ दोन तट पडले होते. अमेरिकन लीगचा त्या वर्षीचा सर्वांत मोलाचा खेळाडू कोण, एवढाच प्रश्न होता.

एक तट डेट्रॉइट टायगर्सच्या मिगेल काब्रेराचा. सरासरी ३३०, होम रन ४४ आणि त्याच्या फटक्यांमुळे संघाच्या खात्यात पडलेल्या धावा १३९. तिन्ही याद्यांत तो पहिला. या पराक्रमाला ‘ट्रिपल क्राउन’ म्हणजे तिहेरी मुकुट म्हणतात, आणि १९६७ साली बोस्टनच्या कार्ल यास्त्रझेम्स्कीने तो मिळवल्यानंतर ४५ वर्षे कुणाच्या वाट्याला आला नव्हता. दुसरा तट लॉस एंजेलिस एंजल्सच्या माइक ट्राउटचा. पोरगा २१ वर्षांचा, नवखा. सरासरी ३२६, होम रन ३०, पिचरला म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला चकवून पळत चोरलेले बेस ४९, स्वतः घरी परतून काढलेल्या धावा १२९. शिवाय सेंटर फील्डला उभा राहून कुंपणापलीकडे चाललेले चेंडू तो उडी मारून परत आणत होता.

आकडे कुणीच नाकारत नव्हते. भांडण होते ते कोणता आकडा काय सांगतो याचे. आणि हे भांडण नुसत्या आवडीनिवडीचे नाही. दिसलेल्या यशात कर्तबगारीचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हा संख्याशास्त्राचा मूळ प्रश्न त्यात दडलेला आहे.

क्रिकेटवाल्याने आणलेला आकडा

क्रिकेटमध्ये धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतात. बेसबॉलमध्ये फटका मारून सुखरूप बेस गाठला तर ती ‘हिट’, आणि हिटना फलंदाजाला मिळालेल्या संधींनी भागले की सरासरी. उत्तर हजारात सांगण्याची पद्धत आहे. ३३० म्हणजे हजार संधींत ३३० हिट. याचाच अर्थ, देशातला अव्वल फलंदाजही तीनपैकी दोनदा अपयशी ठरतो.

सरासरी रूढ करण्यात मोठा वाटा हेन्री चॅडविक या पत्रकाराचा. इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटच्या बातम्या लिहिता लिहिता बेसबॉलकडे वळलेला हा माणूस. एकोणिसाव्या शतकात त्याने धावफलकाला शिस्त लावली. त्याच्या हिशेबात एक भोक राहिले, ते असे. पिचरने चार चेंडू फलंदाजासमोरच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर टाकले आणि फलंदाजाने मोहाला बळी न पडता ते सोडले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. त्याला ‘वॉक’ म्हणतात. सरासरीत वॉकला शून्य किंमत. ती संधी म्हणूनसुद्धा मोजत नाहीत. खेळाडू बेसवर उभा असतो, पुढे धावही काढतो, पण सरासरीच्या लेखी तो मैदानात आलाच नव्हता.

फटक्यांमुळे पडलेल्या धावांचेही तसेच. त्या पडायला आधी कुणीतरी बेसवर असावे लागते, आणि ते फलंदाजाच्या हाती नसते. काब्रेराचे १३९ हे काही अंशी त्याच्या आधी खेळणाऱ्यांचेही श्रेय होते.

पिचरांच्या बाबतीत हा दोष आणखी ठळक दिसतो. सामना जिंकला की ‘विजय’ एका पिचरच्या नावावर लागतो. २०१८मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमने नऊ डावांमागे सरासरी अवघ्या १.७० धावा दिल्या, तरी त्याच्या नावावर १० विजय आणि ९ पराभव लागले. कारण त्याच्या संघाचे फलंदाजच धावा काढत नव्हते. जुन्या काळी असा पिचर सर्वोत्तम पिचरच्या सन्मानाच्या जवळपासही फिरकला नसता. डीग्रॉमला मात्र साय यंग पुरस्कार मिळाला, तोही जवळजवळ एकमताने. हा बदल शौकिनांनी घडवून आणला, आणि त्यांना तो घडवायला काही दशके लागली.

पहारेकऱ्याची वही

त्या शौकिनांचा म्होरक्या बिल जेम्स. सत्तरच्या दशकात कॅन्सस राज्यात, डबाबंद घेवड्याच्या कारखान्यात तो रात्रपाळीचा पहारेकरी होता. निवांत वेळात धावफलक घेऊन बसायचा आणि स्वतःलाच प्रश्न विचारायचा. बेस चोरण्याने खरोखर किती धावा वाढतात? कोणता कॅचर पळणाऱ्याला जास्त रोखतो? १९७७मध्ये त्याने हे हिशेब स्वखर्चाने छापले. गिऱ्हाईक मूठभर मिळाले, पण पुढच्या वर्षी तो पुन्हा छापत राहिला. या अभ्यासाला त्याने ‘सेबरमेट्रिक्स’ असे नाव दिले. १९७१मध्ये स्थापन झालेल्या बेसबॉल संशोधकांच्या ‘सेबर’ या संस्थेवरून. क्लबांची दारे या विद्येला बरीच वर्षे बंदच होती. ऑकलंड अ‍ॅथलेटिक्सने कमी पैशांत संघ बांधताना तिचा आधार घेतला, २००२मध्ये १०३ सामने जिंकले, आणि मायकेल लुईसच्या ‘मनीबॉल’ने ती गोष्ट घरोघरी पोचवली.

जेम्स आणि त्याच्या सोबत्यांची खरी देणगी एखादे सूत्र नाही. एक सवय आहे. एखादा गुण खेळाडूचा आहे असे म्हणता ना, मग तो पुढच्या वर्षीही दिसतो का, ते तपासा. मोक्याच्या क्षणी हमखास चालणारा फलंदाज, ही समजूत घ्या. डिक क्रेमर यांनी १९७७मध्ये लागोपाठच्या दोन हंगामांची तुलना केली. पहिल्या वर्षी मोक्याला चमकलेले दुसऱ्या वर्षीही मोक्याला चमकतात, असा काही मेळ त्यांना सापडला नाही. मोक्याचे फटके खरे असतात. मोक्याचा फलंदाज हा वेगळा प्राणी असतो, हे सिद्ध करणे फार अवघड. काब्रेराने अखेरच्या महिन्यात संघाला खेचून नेले, हा त्याच्या पाठीराख्यांचा लाडका मुद्दा होता. त्यात ‘नेले’ हे निर्विवाद होते, ‘पुन्हा नेईल’ हे नव्हते.

एप्रिलमध्ये घाबरू नये

बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा, साधारण एप्रिल ते सप्टेंबरअखेर. सर्वांत जास्त आरडाओरडा पहिल्याच महिन्यात होतो. २०१२च्या हंगामाआधी एंजल्सने आल्बर्ट पुहोल्स या फलंदाजाला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलरच्या करारावर आणले. आधीच्या ११ वर्षांत त्याची सरासरी ३२८ होती. एप्रिलमध्ये ती निघाली २१७, आणि होम रन एकही नाही. संघ पहिल्या २०पैकी १४ सामने हरला. पैसे पाण्यात गेले, अशी हाकाटी सुरू झाली.

अशा वेळी संख्याशास्त्र काय सांगते? एका महिन्यात फलंदाजाला सुमारे ९० संधी मिळतात. त्याची खरी कुवत ३२८ असली, तरी एवढ्या थोड्या संधींत नुसत्या योगायोगाने सरासरी ५० अंकांनी वर-खाली होणे नित्याचे. १००हून अधिक अंकांची घसरण एकट्यादुकट्याच्या बाबतीत दुर्मीळच म्हणायची. पण शेकडो फलंदाज एकाच वेळी खेळत असतात, तेव्हा कुणाच्या तरी पदरी ती पडतेच, आणि ज्याच्या पदरी पडते त्याच्याचबद्दल आपण बोलत बसतो.

मग उरलेल्या हंगामाचा अंदाज कशावरून बांधायचा? १९५६मध्ये चार्ल्स स्टाइन या गणितज्ञाने एक चमत्कारिक निष्कर्ष सिद्ध केला. एकाच वेळी तीन किंवा अधिक गोष्टींचे अंदाज करायचे असतील, तर प्रत्येकीचा दिसलेला आकडा जसाच्या तसा घेण्यापेक्षा सगळ्यांच्या समाईक सरासरीकडे थोडा ओढून घ्यावा. एकूण चूक कमी होते. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७७मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये हे पटवून देताना उदाहरण घेतले ते बेसबॉलचेच. १९७०च्या हंगामातले १८ फलंदाज, प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधी. रॉबर्टो क्लेमेन्टे ४००वर होता. स्टाइनच्या रीतीने त्याचा अंदाज आला सुमारे २९०, आणि उरलेल्या हंगामात तो खेळला ३४६ने. त्याच्यापुरती ओढ जरा जास्तच झाली. पण अठराही जणांचा एकत्र हिशेब मांडल्यावर चुकांच्या वर्गांची बेरीज कच्च्या आकड्यांच्या तुलनेत एक तृतीयांशाहूनही खाली आली.

पुहोल्सकडे पाहा. एप्रिलचे २१७ एका टोकाला, कारकिर्दीचे ३२८ दुसऱ्या टोकाला. हंगाम संपला तेव्हा तो होता २८५वर, ३० होम रनसह. एप्रिलमध्ये ओरडणारे चुकले, आणि ‘काही झालेले नाही’ म्हणणारेही चुकले. वय बत्तिशीला आले होते, त्याची वसुली काळाने थोडी केलीच.

नशीब कुठे मोजायचे

२८ एप्रिलला एंजल्सने ट्राउटला खालच्या लीगमधून वर बोलावले आणि वादाचा दुसरा नायक रंगमंचावर आला. त्याच्या यशावर शंका घेणाऱ्यांकडे एक हत्यार होते. होम रन आणि स्ट्राइकआउट (चेंडू मैदानात न मारताच बाद होणे) वगळले, मैदानात पडलेले चेंडूच धरले, तर साधारणपणे हजारातले ३०० हिट ठरतात. व्होरोस मॅक्रॅकन या शौकिनाने २००१मध्ये दाखवून दिले की या आकड्यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला की दोघांच्या मधून गेला, यात योगायोग बराच. ट्राउटचा हा आकडा होता ३८३. नशिबाने हात दिलाय, पुढच्या वर्षी जमिनीवर येईल, असे जाणकार म्हणू लागले. पुढच्या वर्षी तो आला ३७६वर. पोरगा इतका जोरात मारत होता आणि इतका जोरात पळत होता, की इतरांसाठी जे नशीब ते त्याच्यासाठी बरेचसे कसब होते. सरासरीकडे परतायचे खरे, पण ती सरासरी कुणाची, हेही ठरवावे लागते.

आता मुकुटाकडे वळू. काब्रेरा ६२२ संधींत २०५ हिट, ट्राउट ५५९ संधींत १८२. ट्राउटला आणखी तीन हिट मिळाल्या असत्या, तर त्याची सरासरी ३३१ झाली असती. सरासरीच्या यादीत काब्रेरा दुसरा, आणि तिहेरी मुकुट रद्द. तीन हिट म्हणजे किती? ट्राउटची खरी कुवत ३२६च धरून तेच ५५९ प्रसंग संगणकावर हजारो वेळा खेळवले, तर तीनपैकी दोन वेळा हिटची संख्या १७१ ते १९३च्या दरम्यान पडेल. म्हणजे पूर्ण हंगामातही अकरा हिटचा झोका निव्वळ योगायोगाचा. पंचेचाळीस वर्षांनी लाभलेला मुकुट त्या झोक्याच्या पावभरापेक्षा थोड्या जास्त अंतरावर टिकून होता.

ट्राउटच्या बाजूने उभा होता ‘वॉर’ हा आकडा. फलंदाजी, वॉक, बेस चोरणे, क्षेत्ररक्षण, खेळाडू कोणत्या जागेवर उभा राहतो, या सगळ्यांचे आधी धावांत रूपांतर करायचे. साधारण दहा धावा म्हणजे एक विजय. मग खालच्या लीगमधून सहज मिळेल अशा बदली खेळाडूपेक्षा याने किती विजय जास्त दिले ते काढायचे. काब्रेराने २८ वेळा एकाच फटक्यात दोन गडी बाद करवले, ट्राउटने ७ वेळा. असले खर्च तिहेरी मुकुटात दिसत नाहीत, इथे दिसतात. ट्राउट दहाच्या आसपास, काब्रेरा सातच्या. तरी ‘वॉर’ही काही वजनकाटा नव्हे. क्षेत्ररक्षण मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या, त्यामुळे एकाच खेळाडूचा आकडा दोन हिशेबनीसांकडे वेगळा निघतो. अर्ध्या विजयाच्या फरकावर तावातावाने भांडणे व्यर्थ आहे. तीन विजयांचा फरक मात्र सहजी उडवून लावता येत नाही.

निकाल लागला तेव्हा बेसबॉल पत्रकारांच्या २८ मतांपैकी पहिल्या पसंतीची २२ काब्रेराला, ६ ट्राउटला. टायगर्स बाद फेरीत पोचले, हे अनेकांना निर्णायक वाटले. गंमत म्हणजे टायगर्सचे विजय ८८ आणि घरी बसलेल्या एंजल्सचे ८९. फरक होता तो फक्त कोण कोणत्या विभागात खेळतो याचा.

दोन प्रश्न

हा वाद इतका का चिघळला, याचे माझ्या मते एकच कारण आहे. दोन्ही तट वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. ‘काय घडले?’ हा पहिला प्रश्न. इथे नशीब वगळायचे कारण नाही. ज्या तीन हिट ट्राउटला मिळाल्या नाहीत त्या मिळाल्या नाहीतच, आणि काब्रेराच्या १३९ धावा फलकावर लागल्या त्या लागल्याच. ‘खेळाडू कसा आहे, पुढे काय करील?’ हा दुसरा. इथे नशीब खरवडून काढल्याशिवाय उत्तरच मिळत नाही. बक्षीस पहिल्या प्रश्नाचे, करार दुसऱ्या प्रश्नाचा. एकाचा आकडा दुसऱ्याच्या तोंडावर फेकला की भांडण कधीच संपत नाही.

पुढे २०१३चा पुरस्कारही काब्रेराने ट्राउटला मागे टाकून घेतला. २०१४चा ट्राउटला एकमताने मिळाला. २०१५पासून अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या मैदानावर चेंडू बॅटवरून किती वेगाने आणि कोणत्या कोनात सुटला, हे यंत्रे टिपतात. २०२०पासून त्यासाठी पायचीतच्या निर्णयांमुळे आपल्या ओळखीचे झालेले ‘हॉक-आय’ वापरतात. चेंडू कुणाच्या हातात गेला हे बाजूला ठेवून फटका किती चांगला होता, ते आता थेट मोजता येते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बरेच सोपे झाले आहे. पहिल्याचे तेवढेच वादग्रस्त राहिले.

१६२ सामन्यांच्या हंगामात योगायोगाचा एवढा झोका असेल, तर आयपीएलमध्ये साखळीतले प्रत्येक संघाचे सामने चौदा. ऑरेंज कॅप ज्याच्या डोक्यावर आहे त्याने त्या हंगामात सर्वाधिक धावा काढल्या, यात वाद नाही. पुढच्या लिलावात त्याच्यावर किती कोटी लावायचे, याचे उत्तर त्या टोपीत शोधू नये.