अर्ध्या अंशाची पायरी

लॅपटॉप, आर्डुइनो उनो, एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर, हीटर म्हणून एक पॉवर रेझिस्टर, ट्रान्झिस्टर आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर. पीआयडी नियंत्रणाचा प्रयोग उभा करायला एवढं सामान पुरतं. लॅपटॉप ठरावीक वेळाने तापमान वाचतो, हव्या असलेल्या तापमानाशी ताडून पाहतो आणि हीटर किती चालवायचा ते ० ते २५५ मधल्या एका आकड्याने कळवतो. महागडं तयार यंत्र परवडत नाही म्हणून केलेली ही तडजोड, असं अनेकांना वाटतं. मला मात्र शिकण्यासाठी हीच जोडणी सरस वाटते, कारण तयार यंत्राने ज्या अडचणी आधीच सोडवून पेटीत बंद केलेल्या असतात, त्या इथे उघड्यावर येतात.

एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. उनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची, जवळपास अर्ध्या अंशाची. तापमान संथपणे चढत असतं, आकडा मात्र पायरीपायरीने उडी घेतो, आणि बदलाचा वेग पाहणारा डेरिव्हेटिव्ह भाग त्या उडीला खरं मानतो. त्याचा गेन २० असेल आणि रीडिंग दर सेकंदाला घेतलं, तर एका पायरीने हीटरचा आकडा १०ने हलतो. रीडिंग जलद घेतली की सुधारेल, असं सहज वाटतं. पण सेकंदाला दहा रीडिंग घेतली की तोच धक्का ९८चा होतो, पूर्ण पल्ल्याच्या ३८ टक्के! उनोतला १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ वापरला की पायरी सुमारे ०.१ अंशावर येते, तीही एक पैसा न खर्चता. याहून फसवी गोष्ट वीजपुरवठ्याची. हीटरही यूएसबीवरच जोडला आणि तो सुरू होताच ५ व्होल्टचे ४.९ झाले, तर मोजपट्टीच आखडते आणि ५० अंशांचे ५१ दिसतात. रेझिस्टर तापण्याआधीच आलेख वर सरकतो. म्हणून तर तो वेगळा अडॅप्टर.

हे सगळं सिम्युलेशनमध्ये शिकता येणार नाही का? येईल, पण आपण घातलेल्याच अडचणी तिथे भेटतात. व्होल्टेज खाली बसेल हे ज्याला सुचलंच नाही, त्याच्या सिम्युलेशनमध्ये ते कधीच बसत नाही. स्वस्त सेन्सर अचूक नसतो, हा आक्षेप खरा आहे. मात्र सेन्सर कायम अर्धा अंश जास्त दाखवत असला, तरी प्रतिसादाचा वेग, ओव्हरशूट, हीटर पूर्ण क्षमतेवर अडकला असताना फुगत जाणारा इंटिग्रल भाग, यांत काही फरक पडत नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने झालेली सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम याच विचाराची आहे: हीटर, पंखा, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर आणि सायलॅबमधला प्रोग्राम. दूरच्या विद्यार्थ्यांना ती इंटरनेटवरून चालवता यावी, अशी सोयही तिथे केली गेली. शिक्षकांना एकच विनंती: दुरुस्त केलेला कोड पहिल्याच दिवशी हातात देऊ नका. आधी तो ९८चा धक्का विद्यार्थ्यांना आलेखावर पाहू द्या.