बर्फाला निघालेला मानपाडा

जानेवारीत घोडबंदर रोडवर पहाटेचा गार वारा सुटला की मानपाड्यातले स्वेटर कपाटाबाहेर येतात आणि उन्हं चढली की परत आत जातात. थंडीशी आमची ओळख एवढीच. त्यामुळे इथली माणसं स्कीइंगला निघाली की काय विसरणार, हे आधीच सांगता येतं. जी वस्तू ठाण्यातल्या घरात रोज हाताला लागत नाही, नेमकी तीच राहते. भाकरवडी, मेतकूट, हिंगाची डबी कुणी विसरल्याचं गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मला आठवत नाही. हातमोजे मात्र दर वेळी कुणाचे ना कुणाचे राहिले.

आमच्या ओळखीतली मंडळी नव्वदच्या दशकात औलीला जाऊ लागली. औली तेव्हा उत्तर प्रदेशात होतं. गढवाल मंडल विकास निगमचे स्कीचे कोर्स असत आणि जोशीमठहून वर न्यायला चार किलोमीटरचा रोपवे. स्की, बूट, काठ्या तिथे भाड्याने मिळत, अंगावरचं आपलं आपण न्यायचं. पहिल्याच सकाळी बँकेतले एक काका दोन्ही हातांत लोकरीचे पायमोजे चढवून उतारावर उभे राहिले. बोटं एकत्र गुंडाळलेली, काठी धरता येईना. गढवाली प्रशिक्षक हसला नाही. त्याने स्वतःच्या खिशातली जादा जोडी काढून दिली. अशी जोडी तो नेहमीच बाळगत असणार.

त्याच सहलीत एका ताईंना बर्फात बसल्या बसल्या आठवलं, घरचा गीझर चालूच राहिला. मग जोशीमठला उतरून एसटीडी बूथवरून शेजारच्या काकूंना फोन. काकूंनी किल्लीने दार उघडून पाहिलं, गीझर बंदच होता. पण दूधवाल्याला ‘नको’ सांगायचं राहिलं होतं आणि दाराच्या पिशवीत रोजचं दूध साचत होतं. काकूंनी त्यानंतर येणाऱ्या दुधाचा चक्का बांधला. मंडळी परतली तेव्हा वाटीभर श्रीखंड तयार होतं. अशा शेजारामुळेच माणूस निर्धास्तपणे हिमालय गाठतो, असं मला मनापासून वाटतं.

पुढे एका वर्षी स्टेशनवर सोडायला जीप ठरवली. ‘मानपाड्याला या’ असं फोनवर सांगितलं, पण ठाण्याचा की डोंबिवलीचा, हे सांगायचं राहून गेलं. जीप डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर उभी आणि मंडळी सामानासकट ठाण्याच्या चितळसर-मानपाड्याला. शेवटी रिक्षा करून, मांडीवर सॅक घेऊन सगळ्यांनी गाडी गाठली.

उतारावरचं विसरणं आणखी गमतीचं. स्कीचा बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे स्कीवरच्या पकडीत, बसला की ‘खट्’ असा आवाज येतो. बुटाच्या तळाला बर्फ चिकटलेला असेल तर हा आवाज येत नाही. काठीने बर्फ झटकायचं विसरलेला माणूस पाय आपटत राहतो आणि स्की खराब आहे म्हणून तक्रार करतो. एका दादांनी उजवा बूट डाव्या पायात घालून सकाळ काढली. स्कीचे बूट आवळतातच, असं त्यांनी ऐकलं होतं म्हणे! थांबायचं कसं हे तर जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकवलेली, गुडघे वाकलेले, हे उभ्या उभ्या सगळ्यांना पाठ असतं. वेग आला की त्यातलं काही आठवत नाही. एक मावशी अशाच सुटल्या आणि घाबरून चक्क एका कुशीवर बसल्या. प्रशिक्षकाने टाळ्या वाजवल्या. वेग हाताबाहेर गेला की तसंच बसायचं असतं, आणि त्या दिवशी ते एकट्या मावशींनाच जमलं.

गुलमर्गच्या गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, अफरवाट शिखराच्या बाजूला नेणारा दुसरा २००५ मध्ये. मग मानपाड्याची मंडळी तिकडेही वळली. तिथलं विसरणं नव्या तऱ्हेचं. बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, हे दर खेपेला अर्ध्या लोकांना श्रीनगरला उतरल्यावर कळतं. मग एकाच पोस्टपेड फोनवरून सगळ्यांच्या घरी खुशाली जाते. इकडे जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली आणि औलीचा रोपवे थांबवावा लागला. ज्या गावाने आमची एवढी विसरभोळी माणसं सांभाळून घेतली, त्याच्या भिंतींना गेलेले तडे बातम्यांत पाहताना आमच्या सोसायटीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

या सगळ्यात एकच विसरणं मला हसण्यावारी नेता येत नाही. ते म्हणजे गॉगल. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि दर हजार मीटर उंचीला हे किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. उघड्या डोळ्यांनी दिवस काढलेल्या आमच्यातल्या एका तरुणाने ती रात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखी तळमळत काढली. हातमोजे कुणीही उसने देईल, गॉगल सहसा कुणाकडे जादा नसतो.

तेव्हा या हिवाळ्यात निघणार असाल तर गॉगल सर्वांत आधी बॅगेत टाका, सिम पोस्टपेड आहे ना ते पाहा आणि दूधवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.