जिंकलेल्या हाताची लाज : दहाव्या शतकातील कन्नड वीरकाव्यातील शोक आणि अनुताप

भारतीय रसशास्त्राने वीररसाचा स्थायीभाव उत्साह मानला आणि शांतरसाच्या मुळाशी निर्वेद, म्हणजे ऐहिकाविषयी येणारी विरक्ती, ठेवला. स्वतःच्या कृत्याची टोचणी, म्हणजे अनुताप, हिला या मांडणीत स्वतंत्र घर मिळाले नाही. तरीही योद्ध्यांच्या कथा रचणाऱ्या कवींना ती टाळता आली नाही. बाराव्या शतकातील फ्रेंच कवी क्रेतिएँ द त्र्वा याचा पेर्सिव्हाल पाच वर्षे देवाला विसरतो आणि गुड फ्रायडेच्या दिवशी एका एकांतवासी साधूपाशी पापांची कबुली देतो. तेथे अनुतापाला धर्माने आखलेला विधी आहे. त्याआधी सुमारे दोन शतके पंप आणि रन्न यांनी कन्नडमध्ये वीरांची मने उलगडली, तेव्हा कबुली ऐकणारा साधू तेथे नव्हता. वीरासमोर होता तो त्याचा भाऊ.

या काव्यामागील समाज बंगळूर परिसरातील वीरगळांवर, म्हणजे धारातीर्थी पडलेल्यांच्या स्मारकशिळांवर, दिसतो. बेगूर येथील सुमारे इ. स. ८९० च्या लेखात बंगळूरच्या लढाईचा उल्लेख आहे. बंगळूरच्या शासकीय संग्रहालयातील आतकूरची शिळा सुमारे ९५० ची. मणलेर या योद्ध्याने पराक्रमाचे बक्षीस म्हणून मागून घेतलेले ‘काळी’ नावाचे शिकारी कुत्रे रानडुकराशी झुंजताना मेले, त्याचीही स्मृती तिच्यावर कोरलेली आहे. शिळेवर शोकाला, अगदी मुक्या जिवाच्या शोकालाही, जागा आहे. पश्चात्तापाला नाही, कारण मृत्यूनंतर वीर थेट स्वर्गात जातो, अशी त्या शिळांची श्रद्धा आहे.

मुधोळ हे गाव मराठी वाचकाला घोरपडे संस्थानामुळे परिचित आहे. तेथील कासार कुटुंबात जन्मलेल्या रन्नाने चालुक्यांच्या आश्रयाने ‘गदायुद्ध’ रचले. त्याचा नायक भीम असला, तरी काव्याचा जीव दुर्योधनात आहे. रणभूमीवरून चालताना तो शत्रुपक्षाच्या अभिमन्यूला वंदन करतो, दुःशासनाच्या देहापाशी धाकट्याने आधी जाऊन क्रम मोडल्याचे दुःख करतो, आणि कर्णापाशी येताच कर्णाचे खरे कूळ ज्यांना ठाऊक होते त्यांची नावे मोजताना पहिले नाव स्वतःचे घेतो. माहीत असूनही मौन राखल्याची ही जाणीव कबुलीच्या अगदी जवळ पोहोचते. तरीही तो पांडवांशी तह करायला तयार होत नाही, कारण त्याला ‘छल’ सोडवत नाही. मराठीत हा शब्द ‘छळ’ होऊन यातनेकडे गेला. कन्नडमध्ये त्याचा अर्थ प्राण गेला तरी न सोडायचा हट्ट असा आहे.

हा हट्ट सुटतो तो पंपाच्या ‘आदिपुराणा’त (९४१). भरत आणि बाहुबली या भावांच्या द्वंद्वात बाहुबली जिंकतो, भरताला उचलतो, आणि त्याच क्षणी राज्याची लाज वाटून त्याला अलगद खाली ठेवतो व राज्यत्याग करतो. पराभवातून आलेला पश्चात्ताप पुष्कळदा हतबलतेशी मिसळलेला असतो. येथे तो विजयाच्या शिखरावर येतो, म्हणूनच त्याची खरी कसोटी लागते. नवव्या शतकातील जिनसेनांच्या संस्कृत ‘आदिपुराणा’त तर वर्षभर निश्चल उभ्या असलेल्या बाहुबलीच्या मनात ‘आपल्यामुळे भाऊ दुखावला’ हे शल्य उरते, आणि भरताने येऊन पूजा केल्यावरच ते निघते. त्यागानेही न निघणारे शल्य ज्याला दुखावले त्याच्या भेटीने निघावे, ही अनुतापाविषयीची फार मोठी समज आहे.

गंग राजांचा सेनानी आणि मंत्री चावुंडराय याने सुमारे ९८१ मध्ये श्रवणबेळगोळ येथे बाहुबलीची सुमारे ५७ फुटी मूर्ती उभारली. लढाया जिंकून बिरुदे मिळवलेल्या योद्ध्याने शस्त्र उगारलेला वीर घडवून घेतला नाही, तर जिंकून हात खाली सोडलेला वीर घडवून घेतला. त्या मूर्तीच्या पायाशी कन्नड आणि तमिळबरोबर मराठीतही कर्त्याचे नाव कोरलेले आहे. मराठी भाषेचे प्राचीनत्व सांगताना या लेखाचा अभिमानाने उल्लेख होतो. पण ती अक्षरे कोणत्या पावलांशी कोरली आहेत, याचेही स्मरण त्या अभिमानाबरोबर ठेवले पाहिजे.