वेब डेव्हलपमेंटचे पुस्तक निवडताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जून-जुलैत कॉलेजे सुरू झाली की अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या टिळक रोडपर्यंत पुस्तकांच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "वेबसाइट बनवायला शिकायचं आहे जी, कोणतं पुस्तक घेऊ?" विचारणारा कधी बीसीएचा असतो, कधी पॉलिटेक्निकचा, तर कधी शेतीची पदवी घेता घेता कोडिंगकडे वळू पाहणारा. दुकानदार खपणारे पुस्तक काढून देतो, नाहीतर मित्र स्वतःचे जुने देतो आणि निवड तिथेच संपते.

चुकीच्या पुस्तकात पैसे जातातच, पण त्याहून मोठे नुकसान आत्मविश्वासाचे होते. छापलेला कोड जसाच्या तसा टाइप करूनही चालला नाही, की दर्यापूर किंवा मूर्तिजापूरहून शिकायला आलेला विद्यार्थी पुस्तकाला दोष देत नाही. 'हे आपल्याला जमणारे नाही' असे स्वतःलाच सांगून मोकळा होतो. म्हणून या निवडीभोवतीचे समज नीट तपासायला हवेत.

गैरसमज १ : छपाईचे वर्ष ताजे, म्हणजे पुस्तक ताजे

वस्तुस्थिती : पुनर्मुद्रण आणि आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुनर्मुद्रणात तोच मजकूर पुन्हा छापला जातो, नव्या आवृत्तीत मजकूर बदललेला असतो. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दोन्हींची वर्षे असतात. तिथे 'रिप्रिंट २०२३' असेल आणि आवृत्तीचे वर्ष २०१० असेल, तर तुमच्या हातात २०१० चे पुस्तक आहे. बियाण्याची पिशवी घेताना आपला शेतकरी तारीख आणि लॉट नंबर पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. हे पान तितक्याच काळजीने वाचले पाहिजे.

पीएचपीचे उदाहरण घ्या. जुन्या पुस्तकांत डेटाबेस जोडण्यासाठी 'मायएसक्यूएल कनेक्ट' नावाचे फंक्शन वापरलेले असते. २०१३ मध्ये पीएचपी ५.५ ने ते कालबाह्य ठरवले आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून ते काढूनच टाकले. आज कोणी झॅम्प (XAMPP) हा सॉफ्टवेअर-संच इन्स्टॉल केला की सोबत पीएचपी ८ येते. त्यावर जुन्या पुस्तकातला डेटाबेसचा पहिलाच प्रोग्राम 'असे फंक्शनच नाही' असे सांगून थांबतो. तिथे विद्यार्थ्याची चूक काहीच नसते. पीएचपीच्या पुस्तकात 'पीडीओ' किंवा 'मायएसक्यूएलआय' आणि 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' हे विषय असलेच पाहिजेत. यातला शेवटचा सुरक्षिततेचा आहे. फॉर्ममध्ये भलतेच काही भरून कोणी डेटाबेसमध्ये शिरू नये, याची सोय त्याने होते.

गैरसमज २ : जुने पुस्तक म्हणजे सरसकट रद्दी

वस्तुस्थिती : वेबचे सगळे भाग एकाच वेगाने जुने होत नाहीत. एचटीएमएल सर्वांत सावकाश बदलते. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडच्या सर्न संस्थेत तयार केलेले जगातले पहिले संकेतस्थळ १९९१ चे. त्याची पाने आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात. जुनी पाने मोडू द्यायची नाहीत, हे वेबचे धोरणच आहे.

सीएसएसमध्ये मात्र पानाची मांडणी करण्याची पद्धत पार बदलली. पूर्वी 'फ्लोट' वापरून रकाने पाडत. आता 'फ्लेक्सबॉक्स' आणि 'ग्रिड' वापरतात. ग्रिडची सोय प्रमुख ब्राउझरांत मार्च २०१७ च्या सुमारास आली. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ हे वर्ष सीमारेषा आहे. 'लेट', 'कॉन्स्ट', अ‍ॅरो फंक्शन, प्रॉमिस या आज रोज लागणाऱ्या गोष्टी त्या वर्षीच्या आवृत्तीने आणल्या. सर्वांत लवकर शिळी होतात ती फ्रेमवर्कची पुस्तके. अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार डिसेंबर २०२१ मध्ये संपला. रिअ‍ॅक्टमध्ये फेब्रुवारी २०१९ ला 'हुक्स' आले आणि लिहिण्याची पद्धतच बदलली.

जॉन डकेट यांचे २०११ चे 'एचटीएमएल अँड सीएसएस' हे याचे चांगले उदाहरण. टॅग समजावण्याची त्याची रीत आजही फार थोड्या पुस्तकांना साधते, तेव्हा कोणी ते दिले तर आनंदाने घ्यावे. पण त्यात फ्लॅशवर मजकूर आहे आणि फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झाले. ग्रिड त्यात नाही. पाया त्यातून शिकावा आणि मांडणी नव्या साधनातून.

गैरसमज ३ : आधी सी, मग सी प्लस प्लस, मगच वेब

वस्तुस्थिती : या समजाला विदर्भात जुना आधार आहे. 'लेट अस सी' हे देशभर गाजलेले पुस्तक नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे. त्यावर शिकलेले प्राध्यापक आणि सीनिअर साहजिकच तीच वाट दाखवतात. सी शिकल्याने मेमरी आणि यंत्राचे अंतरंग समजते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ती शिकावीच. पण ती वेबच्या दारावरची चौकी नव्हे. एचटीएमएल आणि सीएसएसला सी लागत नाही. जावास्क्रिप्टमध्ये मेमरी हाताने सांभाळावी लागत नाही. व्हेरिएबल, अट, लूप आणि फंक्शन त्यातच पहिल्यांदा शिकता येतात. बी.ए. किंवा बी.कॉम. करणाऱ्या मुलीला 'आधी सी करून ये' असे सांगणे म्हणजे तिला विनाकारण वर्षभर थांबवणे.

गैरसमज ४ : परीक्षेचे पुस्तक पाठ झाले की वेबसाइट येते

वस्तुस्थिती : पदविकेच्या क्लायंट साइड स्क्रिप्टिंगची किंवा विद्यापीठाच्या वेब टेक्नॉलॉजीची गाइडे गुणांच्या हिशेबाने बांधलेली असतात : व्याख्या, फरक सांगा, चार वैशिष्ट्ये, लहानसा प्रोग्राम. परीक्षेसाठी ती उपयोगी आहेत, ठेवावीत. पण वेबसाइट हे एकसंध काम असते. मेनू मोबाइलवर नीट दिसला पाहिजे, फॉर्ममध्ये चुकीचा नंबर भरला तर सूचना आली पाहिजे, भरलेली माहिती साठवली गेली पाहिजे. शिकण्याचे पुस्तक असे एक काम हाती धरून प्रकरणागणिक पुढे नेते आणि प्रत्येक प्रकरणाअखेर तुम्हाला स्वतः काही करायला लावते. ज्या पुस्तकात प्रोग्राम आणि आउटपुट आहे पण एकही स्वाध्याय नाही, ते वाचून होते, शिकून होत नाही.

गैरसमज ५ : जितके जाड तितके चांगले, एकाच पुस्तकात सगळे हवे

वस्तुस्थिती : डेव्हिड फ्लॅनगन यांचे 'जावास्क्रिप्ट : द डेफिनिटिव्ह गाइड' (सातवी आवृत्ती, २०२०) उत्तम आहे, पण ते अडले की उघडायचे संदर्भपुस्तक आहे. पहिल्याच महिन्यात ते पहिल्या पानापासून वाचायला घेणारा बहुधा मध्येच सोडतो. एचटीएमएलपासून क्लाउडपर्यंत सगळे एका खंडात कोंबणारी पुस्तके प्रत्येक विषयाला चार पाने देतात आणि कुठलाच विषय हाती लागत नाही. 'एकवीस दिवसांत' असे नाव असलेल्या पुस्तकांबद्दल पीटर नॉर्विग या संगणकशास्त्रज्ञांचा एक प्रसिद्ध लेख आहे. त्याच्या शीर्षकातच त्यांनी दिवसांच्या जागी दहा वर्षे ठेवली आहेत. घाबरण्याचे कारण नाही. साधे संकेतस्थळ काही आठवड्यांत जमते; कसब मुरायला मात्र वर्षे लागतात.

गैरसमज ६ : मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजी पुस्तक झेपणार नाही

वस्तुस्थिती : कादंबरी वाचण्याइतके इंग्रजी इथे लागत नाही. एचटीएमएलचे टॅग शंभरावर आहेत, पण रोजच्या कामात वीस-पंचवीसच येतात. जावास्क्रिप्टचे राखीव शब्द काही डझन. चांगल्या तांत्रिक पुस्तकातली वाक्ये आखूड असतात आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. पहिली दोन प्रकरणे शब्दकोश घेऊन वाचली की पुढची वाट सोपी होते. आधाराला आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातले मराठी आवाजातले पाठ मोफत आहेत.

मराठी विद्यार्थ्याने पुस्तकाला एक प्रश्न मात्र जरूर विचारावा : याला देवनागरी चालते का? पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत जाहीर करणारी ओळ लिहायला ते शिकवते का? ती ओळ नसेल तर गावाचे नाव अगम्य चिन्हांत दिसू शकते. जुन्या मायएसक्यूएलमध्ये मूळ सेटिंग लॅटिन लिपीचे होते, म्हणून मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे साठत. २०१८ च्या आवृत्ती ८ पासून ते 'यूटीएफ८एमबी४' झाले. आणखी एक गंमत करून पाहा. 'अकोला' या नावाची लांबी जावास्क्रिप्टला विचारली तर उत्तर ५ येते. आपण तीन अक्षरे मोजतो. संगणक अ, क, ओकाराची मात्रा, ल आणि काना वेगवेगळे मोजतो. फॉर्ममध्ये 'नाव दहा अक्षरांच्या आत' अशी अट घातली, तर मराठी नावे भरणाऱ्यांची अडचण होते ती यामुळेच. युनिकोड समजावणारे पुस्तक आपल्यासाठी अधिक मोलाचे.

गैरसमज ७ : फुकट म्हणजे चोरीची पीडीएफ

वस्तुस्थिती : वेबच्या क्षेत्रात उत्तमातली काही पुस्तके लेखकांनीच मोफत वाचायला ठेवली आहेत. मरायन हावरबेके यांचे 'एलोक्वंट जावास्क्रिप्ट' (चौथी आवृत्ती, २०२४) आणि काइल सिम्प्सन यांची 'यू डोन्ट नो जेएस' मालिका ऑनलाइन खुली आहे. मोझिलाचे 'एमडीएन' हे संदर्भ-संकेतस्थळ सतत अद्ययावत होते आणि त्यात नवशिक्यांसाठी क्रमवार पाठ आहेत. बालभारतीचे बारावीचे माहिती तंत्रज्ञानाचे पुस्तकही पाहा. त्यात एचटीएमएल ५, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि पीएचपीची तोंडओळख आहे, आणि ते अधिकृत संकेतस्थळावरून मोफत घेता येते. हे सगळे असताना टेलिग्रामवर फिरणारी चोरीची आणि बहुधा जुन्या आवृत्तीची पीडीएफ कशाला हवी?

गैरसमज ८ : यूट्यूब आणि एआय असताना पुस्तक कशाला?

वस्तुस्थिती : व्हिडिओ कृती दाखवतो आणि एआय उत्तर देतो; दोन्ही वापरावेत. पण काय आधी आणि काय नंतर हा क्रम पुस्तक देते. एआयने दिलेला कोड बरोबर आहे का, सुरक्षित आहे का, हे ठरवायला पाया लागतोच. चालणारा कोड हाती येणे आणि तो का चालतो हे कळणे यांत अंतर आहे, आणि मुलाखतीत विचारतात ते दुसरे.

दुकानात पाच मिनिटांची तपासणी

१. आवृत्तीचे वर्ष पाहा; पुनर्मुद्रणाचे वर्ष सोडून द्या.
२. सीएसएसच्या पुस्तकात फ्लेक्सबॉक्स, ग्रिड आणि मोबाइलसाठीची मांडणी अनुक्रमणिकेत शोधा.
३. जावास्क्रिप्टचे कुठलेही उदाहरण उघडा. सगळीकडे 'व्हार' असेल आणि 'लेट'-'कॉन्स्ट' कुठेच नसेल, तर पुस्तक २०१५ च्या आधीच्या पद्धतीचे आहे.
४. 'फॉन्ट', 'सेंटर', 'मार्की' हे टॅग योग्य पद्धत म्हणून शिकवले असतील तर खाली ठेवा. आजच्या एचटीएमएलने ते बाद केले आहेत.
५. मधले एखादे पान वाचा. दोन परिच्छेद कळले आणि तिसऱ्यात थोडे अडले, तर पुस्तक तुमच्या पायरीचे आहे.

क्रमाबद्दल माझा आग्रह असा : पहिले पुस्तक एचटीएमएल-सीएसएसचे, दुसरे जावास्क्रिप्टचे, तिसरे सर्व्हर आणि डेटाबेसचे, मग तिथे पीएचपी असो की नोड. फ्रेमवर्क त्यानंतर आणि शक्यतो त्याच्या अधिकृत कागदपत्रांवरूनच. एका वेळी एकच पुस्तक घ्या, कोड कॉपी न करता हाताने टाइप करा, आणि चाललेल्या उदाहरणात मुद्दाम एक बदल करून काय होते ते पाहा. पहिले पुस्तक अर्धे झाले की गावाच्या आठवडी बाजाराचे, बचतगटाच्या पापड-लोणच्यांचे किंवा कॉलेजच्या ग्रंथालयाचे एक मराठी पान तयार करा आणि गिटहब पेजेसवर मोफत चढवा. त्याची लिंक घरच्यांच्या मोबाइलवर उघडली, की निवडलेले पुस्तक योग्य होते याचा याहून पक्का पुरावा लागत नाही.