घरच्या संगणकावर बुद्धिबळ : प्रोग्राम कसा निवडावा?

१९९७ साली ‘डीप ब्लू’ या महासंगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवले. आज घरच्या साध्या संगणकावरचा प्रोग्रामही जगज्जेत्याला भारी पडतो. म्हणून ‘सर्वांत ताकदवान कोणता?’ असे विचारू नये. रोज हरणारे मूल खेळच सोडून देते. तीन गोष्टी पाहाव्यात :

१) पातळी कमी करता येते का?
२) चुकलेली खेळी परत घेता येते का?
३) डाव संपल्यावर चूक कुठे झाली ते दाखवतो का?

‘स्टॉकफिश’ मोफत आहे, पण ते नुसते इंजिन. पट त्यात नाही. ‘लुकास चेस’ही मोफत आहे. त्यात पट आहे, सोपे-अवघड प्रतिस्पर्धी आहेत आणि वरील तिन्ही सोयीही आहेत. एकदा संगणकात भरला की इंटरनेट लागत नाही. पालकांनी विकतचा प्रोग्राम घेण्याआधी हा वापरून पाहावा.

मात्र, २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, ती लढत समोरासमोर बसून झाली. तेव्हा संगणकाने दाखवलेली चूक वहीत लिहा आणि रविवारी मित्रासमोर पट मांडा.