दस्ता, दुनळी बंदुकीचा

छऱ्यांच्या बंदुकीच्या यंत्रणेस मागील बाजूने जोडलेला व खांद्यास टेकवावयाचा लाकडी भाग. तो बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा असतो. चापांच्या लगेच मागे दस्ता निमुळता होतो; त्या भागास मूठ म्हणतात. मुठीची खालची कडा सरळ मागे गेली असल्यास तो सरळ दस्ता व ती पिस्तुलाच्या मुठीप्रमाणे खाली वळली असल्यास पिस्तुली मुठीचा दस्ता होय. हा फरक पुष्कळदा केवळ दिखाऊ मानला जातो. वस्तुतः त्याचा संबंध चापांशी व शिकारीच्या पद्धतीशी आहे.

शेजारी-शेजारी नळ्या असलेल्या जुन्या बंदुकीस सामान्यतः दोन चाप असतात. पुढील चापाने उजवी व मागील चापाने डावी नळी उडते. डाव्या नळीचे तोंड अधिक आवळलेले असल्याने तिचे छर्रे दूरवर एकत्र राहतात. दोन चापांत सु. २.५ सेंमी. अंतर असते व दुसऱ्या बारासाठी हात तितका मागे न्यावा लागतो. सरळ मुठीवरून तो सहज सरकतो. पिस्तुली मुठीचे वळण त्याला जागीच धरून ठेवते. ब्रिटनमध्ये हाकाऱ्यांनी उठविलेले ग्राउझ व फेझंट पक्षी शिकाऱ्याच्या डोक्यावरून वेगाने जातात आणि दोन बारांमध्ये क्षणाचाच अवकाश मिळतो. समोरून येणारा पक्षी दूर असतानाच टिपावयाचा झाल्यास मागील चाप आधी ओढला जातो. पर्डी, बॉस, हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या निर्मात्यांच्या बंदुकांत सरळ दस्ता रूढ झाला, तो यामुळे. त्याने दोन्ही हात जवळजवळ एका रेषेत येतात, हाही एक लाभ.

पिस्तुली मुठीत मनगट कमी ताणले जाते आणि बंदूक खांद्यात घट्ट ओढून धरता येते. म्हणून जोराचा धक्का देणाऱ्या दुनळी रायफली व पाणपक्ष्यांसाठीच्या जड बंदुका यांना ती सोयीची ठरली. बंदूक आधीच खांद्याला लावून उडत्या तबकड्यांवर नेम धरावयाच्या स्पर्धांतही तिचा उपयोग होतो. अमेरिकेत पार्कर ब्रदर्स, एल. सी. स्मिथ इत्यादींच्या बंदुकांत ती विपुल आढळते. त्यांपैकी अनेकींना दोन चाप असूनही अशी मूठ आहे. तेथे गिऱ्हाइकाच्या आवडीचा भागच अधिक दिसतो. अर्धी पिस्तुली मूठ व गोलसर टोकाची ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ मूठ हे मधले प्रकार होत. बॉस यांनी १८९४ मध्ये एकाच चापाच्या यंत्रणेचे एकस्व घेतले. अशा बंदुकीत हात सरकविण्याची गरज उरत नाही. तरीही ब्रिटिश निर्मात्यांनी सरळ दस्ता सोडला नाही.

पुढे अनेक जुन्या बंदुकांची पिस्तुली मूठ तासून ती सरळ करण्यात आली. यात हानीच अधिक होते. चापांभोवतीच्या कड्याची मुठीत बसविलेली वळणदार शेपटी सरळ करावी लागते, पकडीसाठी कोरलेली चौकडी पुसली जाते आणि मूठ बारीक होते. वळणदार मुठीत लाकडाचे रेषे कधीकधी आडवे तुटलेले असतात. अशी मूठ तासल्यावर उरलेले लाकूड धक्क्याने नेमके तेथेच तडकते. नव्याने कोरलेली तीक्ष्ण चौकडी, बुजविलेले स्क्रूचे भोक आणि दस्त्याच्या मानाने फार कृश मूठ या खुणांवरून जाणकार असा फेरफार ओळखतात.