दुर्गाबाई खोटे: स्वतःच्या करारावर

‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई आठवते ना? त्या दुर्गाबाई खोटे. सिनेमात आल्या त्या हौसेनं नव्हे. सासरची श्रीमंती गेलेली, पदरात दोन मुलगे. पहिल्या सिनेमावरून लोकांनी नावं ठेवली. १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’तल्या तारामतीनं नाव मिळवून दिलं.

तेव्हा नट-नट्या एकाच कंपनीच्या मासिक पगारावर बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी मात्र वेगवेगळ्या कंपन्यांशी स्वतंत्र करार केले. बचतगटाचा हिशेब लिहिणाऱ्या आपल्याला यातली हिंमत चटकन कळेल! नाटकातही ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई त्यांनी गाजवली. पुढे जाहिरातपटांची स्वतःची संस्था काढली. फाळके पुरस्कार १९८३ चा, तेव्हा पंचाहत्तरी उलटलेली. आणि दूरदर्शनवरची ‘वागळे की दुनिया’ त्यानंतरची, १९८८ ची. तीही दुर्गाबाईंच्याच संस्थेची.